विस्मरणाचे हसू आणि विस्मरणाचा दंड

वयाची साठी उलटली की माणसाच्या बोलण्यात सर्वनामे वाढू लागतात आणि विशेषनामे कमी होऊ लागतात. भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळच्या वेळी तलावाच्या पाळीवर किंवा एस. टी. स्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर थोडा वेळ थांबले तर याची प्रचीती येते. निवृत्त गुरुजी, जुने कार्यकर्ते, कधीकाळी विडी कारखान्यात हिशेब लिहिणारे मुनीम, धानाची शेती मुलांच्या हाती सोपवून मोकळे झालेले शेतकरी असे पाच-सात जण तेथे बसलेले असतात. त्यांच्यातला एक जण उत्साहाने सांगू लागतो, "थो नाही का गा, थो... तुमसरच्या मोर्च्यात आपल्यासंगं होता थो..." पुढे नाव येत नाही. दुसरा त्या माणसाच्या वडिलांचे दुकान कोठे होते ते सांगतो, तिसरा त्याची सासुरवाडी सांगतो, चौथा त्याला कोणत्या साली दम्याचा विकार जडला तेही सांगतो. नाव मात्र कोणालाच आठवत नाही. शेवटी पाचवा एक नाव उच्चारतो, सर्वांना हायसे वाटते, आणि अर्ध्या तासाने लक्षात येते की ते नाव त्या माणसाच्या धाकट्या भावाचे होते.

अशा मंडळींत विनोदाला तोटा नसतो. कपाळावर चढवलेला चष्मा शोधण्यासाठी घर पालथे घालणारा येथे असतो. मोबाइलवर बोलता बोलता "जरा थांब, माझा मोबाइल सापडत नाही" असे पलीकडच्या मित्राला सांगणाराही असतो. एकच गोष्ट एकाच आठवड्यात चौथ्यांदा सांगणारा असतो आणि ती चौथ्यांदा ऐकूनही पहिल्यांदा ऐकल्यासारखा मनापासून हसणारा श्रोताही असतो. त्या श्रोत्याचे हसणे मैत्रीपोटी आहे की त्यालाही ती गोष्ट आठवत नाही, याचा निर्णय कठीण. 'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण ज्याने प्रथम वापरली तो बहुधा अशाच एखाद्या कट्ट्यावरचा असावा.

या हास्याच्या तळाशी खेदही असतो. ज्याच्या तेरवीला स्वतः जाऊन जेवून आलो त्याचीच प्रकृती कशी आहे असे एखादा सहज विचारतो आणि क्षणभर कोणालाच काही बोलता येत नाही. ज्याने आयुष्यभर वर्गात तारखा पाठ करून घेतल्या त्याला आज वार कोणता हे दोनदा विचारावे लागते. त्याची चीड त्याच्या बायकोवर किंवा सुनेवर निघते. खरा राग असतो तो स्वतःवर. विस्मरणाचा हा त्रास बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही, कारण ज्याला तो होतो तोच सर्वांत आधी त्याची थट्टा करून मोकळा होतो.

हा सारा प्रकार खासगी आहे, त्याची चर्चा राजकीय साप्ताहिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु विस्मरण सर्वांना सारखे येत असले तरी त्याची किंमत सर्वांकडून सारखी वसूल होत नाही. काहींच्या विस्मरणाचे हसू होते, काहींच्या विस्मरणाचा दंड होतो, आणि कोणाच्या वाट्याला काय यावे हे बव्हंशी ज्याच्या त्याच्या वर्गावर ठरते. तेव्हा हा विषय समाजवादी कार्यकर्त्याच्या विचारकक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

प्रथम विस्मरणाचे स्वरूप समजून घेणे इष्ट होय. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या समाजात शास्त्रवचनासारखी वापरली जाते. वस्तुतः ती दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. साठीनंतर बुद्धी नाहीशी होत नाही. शब्दसंपत्ती, व्यवहाराची समज, माणसांची पारख या गोष्टी बराच काळ टिकतात, कित्येकदा वाढतात. मंदावते ती गती. नवी गोष्ट मनात ठसण्यास वेळ लागतो आणि ठसलेली गोष्ट हव्या त्या क्षणी हाताशी येत नाही. त्यातही नावे आधी दगा देतात, याचे कारण साधे आहे. एखाद्या माणसाचा धंदा, गाव, स्वभाव यांचे परस्परांशी नाते असते, एक धागा ओढला की दुसरा येतो. नाव मात्र त्या माणसाला चिकटवलेली चिठ्ठी असते. ती गळून पडली तर बाकीच्या माहितीवरून ती पुन्हा तयार करता येत नाही.

मानसशास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट आढळली आहे. माणसाच्या वृद्धापकाळी त्याला सर्वांत ठळक आठवतात ती साधारणपणे वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधली वर्षे. म्हणूनच आज सत्तरी ओलांडलेल्या कार्यकर्त्याला काल दुपारी काय जेवलो ते सांगता येत नाही, पण 25 जून 1975 नंतरच्या दिवसांतल्या गुप्त बैठका, पत्रके छापण्याची धडपड आणि पोलिसांच्या नजरा चुकवण्याच्या युक्त्या तपशिलाने सांगता येतात. ऐकणाऱ्या तरुणांना वाटते की म्हातारा गतकाळात रमला आहे. खरे तर त्याच्या मेंदूत तोच भाग सर्वांत पक्क्या शाईने लिहिला गेला आहे.

आता कट्ट्यावर जे घडते त्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. पाच जणांना मिळून एक नाव आठवत नाही, हे खरे. पण पाच जणांना मिळून त्या माणसाचा सारा संसार आठवतो, हेही तितकेच खरे. एकट्याला त्यातले निम्मेही सांगता आले नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1980 च्या दशकात हीच गोष्ट शास्त्रीय परिभाषेत मांडली. दीर्घकाळ एकत्र राहणारी माणसे स्मरणाची आपसांत वाटणी करून घेतात. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी लागत नाही, कोणती गोष्ट कोणाला ठाऊक आहे एवढे लक्षात ठेवले की पुरते. त्याच्याही पूर्वी, 1925 साली, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी असे प्रतिपादन केले होते की, माणूस एकटा आठवत नाही, तो कुटुंब, वर्ग, धर्म अशा कोणत्या तरी समूहाच्या चौकटीत आठवतो. ती चौकट मोडली की आठवणही निसटते. हे हाल्बवाक्स समाजवादी विचारांचे होते आणि 1945 साली नाझींच्या बुखेनवाल्ड येथील छळछावणीत त्यांचा अंत झाला, ही गोष्ट या वाचकवर्गाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

हा सिद्धांत समजण्यासाठी पूर्व विदर्भाला फ्रान्सकडे जाण्याची मात्र गरज नाही. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीत गावोगाव नाटके सुरू होतात आणि रात्र रात्र चालतात. या रंगभूमीवर प्रॉम्प्टरला मोठे महत्त्व असते. नट प्रेक्षकांना दिसतो, टाळ्या त्याला मिळतात. पण वाक्य अडले की ते हळूच पुरवणारा आवाज दुसऱ्याचा असतो. प्रॉम्प्टर आहे म्हणून नटाला कोणी कमी लेखत नाही. वृद्ध मित्रांची संगत हीही अशीच सोय आहे. प्रत्येक जण आलटून पालटून नट होतो आणि प्रॉम्प्टर होतो. ज्या वृद्धाचे मित्र एकामागून एक निघून गेले, त्याचे केवळ सोबती जात नाहीत, त्याच्या स्वतःच्या स्मरणाचा काही भागही त्यांच्याबरोबर जातो. शहरात मुलाकडे राहावयास गेलेला धडधाकट वृद्ध सहा महिन्यांत 'एकदम म्हातारा झाला' असे जे म्हणतात, त्याचे एक कारण हेही असू शकते.

सामूहिक स्मरण उपयोगी असले तरी ते निर्दोष असते असे समजू नये. याचे उदाहरण भंडाऱ्याच्या राजकीय इतिहासातच आहे. 1954 सालच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेसाठी उभे होते आणि पराभूत झाले, एवढे सर्वांना ठाऊक असते. पुढचा तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. कोणी 1952 सालच्या मुंबईतल्या पराभवाशी त्याची गल्लत करतो. कोणाला वाटते की समाजवादी नेते अशोक मेहता बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे होते. वस्तुस्थिती अशी की, तेव्हा भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. प्रजासमाजवादी पक्षाचे मेहता सर्वसाधारण जागेसाठी आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाबासाहेब राखीव जागेसाठी, असे दोघे एकमेकांच्या साथीने लढत होते. मेहता निवडून आले. राखीव जागा मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडे गेली. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती, हेही आता फार थोड्यांना ठाऊक आहे. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत 1961 च्या कायद्याने संपली आणि पद्धतच नाहीशी झाल्यावर त्या निकालाचा अर्थ लावणारी चौकटही नाहीशी झाली. समाजवाद्यांच्या वाट्याला जागा यावी आणि बाबासाहेबांच्या वाट्याला पराभव यावा, या निकालातला अस्वस्थ करणारा प्रश्न उरला तो असा की, मित्रपक्षाची दोन्ही मते दोन्ही बाजूंनी सारखीच पडली होती काय? गैरसोयीचे प्रश्न चळवळीही विसरतात. फक्त त्या विस्मरणाला कोणी म्हातारपण म्हणत नाही.

ही झाली हसण्याची आणि वाद घालण्याची बाजू. आता दंडाच्या बाजूकडे वळले पाहिजे.

निवृत्त प्राध्यापक किंवा बँक अधिकारी एखादी तारीख विसरला तर त्याच्याकडे आठवण देणारी व्यवस्था असते. घरात शिकलेली मुले असतात, भिंतीवर दिनदर्शिका असते, बँकेतला ओळखीचा कारकून फोन करतो. विसरल्याची परिणती फार तर मित्रांच्या थट्टेत होते. याच जिल्ह्यात चाळीस-चाळीस वर्षे घरी बसून विड्या वळलेल्या बायका आहेत. त्यांच्यापैकी ज्यांची नावे भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नीट चढली त्यांना 1995 च्या योजनेप्रमाणे निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम 2014 साली दरमहा 1,000 रुपये ठरली. त्यानंतर दहा वर्षांत तांदूळ, तेल आणि औषधे यांचे भाव कोठे गेले हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. ज्यांची नावे चढलीच नाहीत त्यांना श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा आधार. ती रक्कम 2023 साली 1,500 रुपये झाली. आणि ही तुटपुंजी रक्कम मिळत राहावी म्हणून या वृद्धेने लक्षात ठेवावयाच्या गोष्टींची यादी पाहिली तर थक्क व्हावे लागते.

तिने दरवर्षी हयातीचा दाखला देण्याची मुदत लक्षात ठेवली पाहिजे. आधार क्रमांक कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्याला जोडला आहे ते लक्षात ठेवले पाहिजे. खात्याला कोणता मोबाइल क्रमांक दिला होता तेही लक्षात ठेवले पाहिजे. तो क्रमांक बहुधा पुण्या-नागपुरात कामाला गेलेल्या मुलाचा असतो. आलेला ओटीपी दोन मिनिटांच्या आत वाचून सांगता आला पाहिजे. एवढे सारे लक्षात ठेवून ती सेवा केंद्रावर पोहोचली तर यंत्रावर अंगठा लागत नाही; कारण तेंदूपत्ता कापून आणि धानाची रोवणी करून बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. डोळे किंवा चेहरा पाहून ओळख पटविण्याची सोय निघाली आहे, हे खरे. ती आपल्या केंद्रावर आहे किंवा नाही हे कोणाला विचारावे, हे मात्र तिला पुन्हा लक्षातच ठेवावे लागते. यांतली एक गोष्ट जरी निसटली तरी पैसे थांबतात आणि ते का थांबले हे तिला कोणी समजावून सांगत नाही. "आजी, तुम्ही विसरलात" एवढेच तिला ऐकविले जाते.

बँकेच्या ठेवींचेही तेच. ज्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार होत नाही ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने 2014 साली निर्माण केलेल्या ठेवीदार निधीत जमा होते. ठेवीदाराचा किंवा वारसांचा हक्क बुडत नाही, आणि अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी 2023 साली रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचे संकेतस्थळही सुरू केले. परंतु ज्याला पासबुक कोठे ठेवले ते आठवत नाही त्याने संकेतस्थळ शोधावे, ही अपेक्षा करणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. अशा रीतीने देशभरातल्या हजारो कोटी रुपयांच्या ठेवी धन्यावाचून पडून आहेत. त्यांतल्या किती विधवांच्या, किती स्थलांतरित मजुरांच्या, किती भोळसटपणे नातेवाइकांवर विसंबलेल्या म्हाताऱ्यांच्या, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

यावर शासनाच्या बाजूने एक उत्तर दिले जाते आणि ते टाळण्याजोगे नाही. मृतांच्या नावे पैसे उचलले जातात. पडताळणी ठेवली नाही तर सार्वजनिक पैशाची लूट होईल, असे ते उत्तर. सार्वजनिक पैशाची काळजी समाजवाद्यांना तर अधिकच असली पाहिजे. तेव्हा पडताळणी नको असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, पडताळणीचे ओझे कोणी वाहावे? मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्याने सक्तीची आहे. त्या कायद्यात 2023 साली दुरुस्ती होऊन जन्ममृत्यूंच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकत्र करण्याची तरतूद झाली. माणूस मेला की त्याची नोंद शासनाच्या दप्तरात होते. मग जिवंत माणसाने दरसाल 'मी मेलो नाही' असे शासनाला कळवीत का राहावे? ज्याच्याकडे कचेऱ्या, कर्मचारी आणि संगणक आहेत त्याने विसरावे, आणि ज्याच्याकडे झिजलेला अंगठा आणि दुबळी झालेली स्मरणशक्ती एवढेच भांडवल आहे त्याने लक्षात ठेवावे, ही कामाची वाटणी न्यायाची नाही. मृत्यूच्या नोंदीवरून यादी तपासणे आणि शंका आली तर ग्रामसेवकाने किंवा टपालवाल्याने घरी जाऊन भेट घेणे, यात अशक्य असे काही नाही. यात त्रास आहे, खर्चही आहे. तो आजही होतोच. फक्त आज तो वृद्धेच्या एस. टी. भाड्यातून आणि बुडालेल्या मजुरीतून होतो, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही.

दंडाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो कोणी हेतुतः करीत नाही. कट्ट्यावरचे हसू जसे विसरणाऱ्याला सावरून घेते तसे ते कधी कधी आजार झाकूनही ठेवते. नाव न आठवणे वेगळे आणि नेहमीच्या रस्त्यावर घर न सापडणे वेगळे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि हातातल्या चष्म्याचे काय करावयाचे हे न उमगणे वेगळे. आधी विसरलेली गोष्ट मागाहून आठवत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आपण काही विसरलो याचाच पत्ता नसेल, पैशाचे साधे हिशेब जमेनासे झाले असतील, स्वभाव एकाएकी बदलला असेल तर ते वार्धक्य नव्हे, व्याधी होय. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली अशा एका रुग्णाची हकीकत प्रथम मांडली. ती रुग्ण स्त्री पन्नाशीच्या सुमाराची होती, साठीचीही नव्हती.

भारतात साठीच्या पुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसे, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात दिला आहे. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली असा निष्कर्ष काढला की, जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकरणांपैकी सुमारे 45 टक्के प्रकरणे बदलता येण्याजोग्या 14 कारणांशी निगडित आहेत. ती कारणे कोणती? बालपणी शिक्षण न मिळणे, बहिरेपण, दुर्लक्षिलेला रक्तदाब आणि मधुमेह, धूम्रपान, दृष्टिदोष, प्रदूषित हवा, एकाकीपणा. ही यादी वाचताना वैद्यकशास्त्राचे पुस्तक वाचतो आहोत की सामाजिक विषमतेचा अहवाल, असा प्रश्न पडावा. ज्या मुलीला चौथीत शाळेतून काढून विड्यांच्या सुपापुढे बसविले, तिच्या म्हातारपणीच्या विस्मरणाची पहिली नोंद त्या दिवशी झाली असे म्हणावे लागते.

यातही दिलासा देणारी एक बाब आहे. विस्मरणाची काही कारणे उपचारांनी दूर होण्यासारखी असतात. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची उदासीनता, एकाच वेळी चालू असलेल्या अनेक औषधांचा परिणाम, ही त्यांतली काही. यांतील बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीने किंवा डॉक्टरांनी शांतपणे विचारलेल्या चार प्रश्नांनी कळतात. 'आता वयच झाले' असे म्हणून ज्याला घरी बसविले तो कदाचित औषधाने बरा होण्याजोगा असतो. येथे 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण थट्टेची उरत नाही, ती उपचार नाकारण्याची सबब बनते.

स्मरण माणसाप्रमाणे जागेलाही बांधलेले असते, हे भंडारा जिल्ह्याला वेगळ्या तऱ्हेने शिकावे लागले आहे. 1988 साली पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि पुढच्या काळात नदीकाठची अनेक गावे उठली. त्या गावांतल्या वृद्धांना नवे घर, नवी गल्ली, एका मापाने आखलेले भूखंड मिळाले. परंतु ज्या पिंपळामुळे, ज्या विहिरीमुळे, ज्या चावडीच्या पायरीमुळे हजार गोष्टी आठवत असत त्या खुणा राहिल्या नाहीत. सारखी दिसणारी घरे आणि सरळ रस्ते यांत म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे दार ओळखणे जड जाते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात झाडे मोजली जातात, विहिरी मोजल्या जातात. त्यांना टांगलेले स्मरण मोजण्याचे कोष्टक कोणत्याही भूसंपादन अधिकाऱ्याकडे नसते. म्हणून निदान पुनर्वसन करताना जुने शेजारी शेजारीच राहतील एवढी दक्षता घ्यावी, ही मागणी भावनेची नसून आरोग्याची आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. शासनाने धोरण बदलावे ही मागणी चालू ठेवावीच. पण त्या दिवसाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या निवृत्तिवेतनधारकांची आणि निराधार योजनेच्या लाभार्थींची एक वही करावी. कोणाचा दाखला केव्हा द्यावयाचा आहे, कोणाचे खाते कोठे आहे, कोणाचा अंगठा लागत नाही, हे तीत लिहावे. क्रमांक आणि गुप्त शब्द मात्र लिहू नयेत. विस्मरणाइतकाच फसवणुकीचाही धोका असतो. मुदत येण्यापूर्वी एक दिवस ठरवून सर्वांना एकत्र केंद्रावर न्यावे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, डोळे आणि कान यांच्या तपासणीचा आग्रह प्राथमिक आरोग्य केंद्राकडे धरावा. वाचनालयाची खोली असेल तर ती सकाळी दोन तास म्हाताऱ्यांसाठी उघडी ठेवावी, आणि म्हाताऱ्यांत म्हाताऱ्याही येतात हे विसरू नये. पुरुषांना पाळ आहे, टपरी आहे, स्त्रियांना बसावयास जागाच नाही. त्यांचे प्रॉम्प्टर त्यांच्या लग्नाच्या दिवशीच माहेरी राहिले.

आणखी एक काम आहे, ते केवळ चळवळीचे आहे. ज्यांनी आणीबाणीपूर्वीचे आणि आणीबाणीतले दिवस स्वतः पाहिले, विडी कामगारांचे लढे, धानाच्या भावासाठी निघालेले मोर्चे, 1972 च्या दुष्काळातली कामे पाहिली, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना एकेकटे गाठून मुलाखती घेऊ नयेत. चार जणांना एकत्र बसवावे, चहा द्यावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे. ते भांडतील, एकमेकांच्या तारखा खोडून काढतील, धाकट्या भावाचे नाव थोरल्याला देतील. ते सारे नोंदवून घ्यावे आणि मग जुनी वर्तमानपत्रे व सरकारी कागद यांच्याशी ताडून पाहावे. 1954 च्या निवडणुकीबद्दल जे झाले ते 1975 बद्दल होऊ द्यावयाचे नसेल तर हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही, कारण प्रत्येक हिवाळ्यात पाळीवरची एखादी जागा रिकामी होते.

कट्ट्यावरच्या मंडळींनी हसणे थांबवावे असा याचा अर्थ मुळीच नाही. ते हसणे टिकले पाहिजे. त्याच्या आधारावर कित्येकांचे म्हातारपण सुसह्य होते. मात्र ज्याचे हसणे अलीकडे उशिरा येऊ लागले आहे, जो चार दिवस पाळीवर दिसला नाही, त्याच्या घरी मित्रांपैकी कोणी तरी चौकशीस जावे. आणि ज्या विडी कामगार स्त्रीचे पैसे दोन महिन्यांपासून थांबले आहेत तिच्या घरी पक्षाच्या कार्यकर्त्याने जावे. दोन्ही भेटींना सारखाच वेळ लागतो.